तीन मुकुटांचा धनी : हेन्री आर्मस्ट्राँग

बॉक्सिंग म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच नावं निघतात, मुहम्मद अली आणि माईक टायसन. अली बोलायचा म्हणून आणि टायसनने समोरच्याचा कान चावला म्हणून! मलाही परवापरवापर्यंत तेवढंच माहीत होतं. मी स्वतः दीड वर्षापासून जिमखान्यात ग्लोव्हज घालून उभा राहतो, तरी बॉक्सिंगचा इतिहास वगैरे माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

झालं असं की यंदा संघात माझ्याच वजनगटात आम्ही दोघं आहोत आणि त्याच्या वरचा गट रिकामा आहे. सरांनी विचारलं, वरच्या गटात खेळतोस का? मी घरी फोन केला तर आई म्हणाली की त्या निमित्ताने तरी अंगावर मांस चढेल. रूममेट म्हणाला, चार किलोंनी काय होतंय, मेसमध्ये रोज दोन पोळ्या जास्त खा. मला मात्र झोप येईना. चार किलोंनी नक्की काय होतं हे शोधायला लायब्ररीत बसलो आणि या माणसाच्या प्रेमात पडलो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, ‘मुष्टियुद्ध’ हा शब्दसुद्धा मला या लेखासाठी शिकावा लागला. तेव्हा भाषेचं वजन कमी भरलं तर सांभाळून घ्या.)

हेन्री आर्मस्ट्राँगचं खरं नाव हेन्री जॅक्सन. जन्म १२ डिसेंबर १९१२, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं कोलंबस हे गाव. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारा. कातडीचा रंग काळा, आणि ते दिवस असे की दक्षिणेत काळ्या माणसाने मान वर करून चालणंसुद्धा धोक्याचं. घर मोठं, खाणारी तोंडं पुष्कळ. हेन्री लहान असतानाच कुटुंब सेंट लुईस शहरात आलं. आई लवकर गेली आणि त्याला आजीने वाढवलं. पोरगा अभ्यासात हुशार होता, कविता करायचा. व्हॅशॉन हायस्कूलमधून चांगल्या मार्कांनी पास झाला. आजच्या हिशोबाने त्याला सरळ कॉलेजला ॲडमिशन मिळायला हवी होती. पण घरात पैसे नव्हते आणि मंदी दारात उभी होती. तो रेल्वेच्या रुळांवर खिळे ठोकायच्या कामाला लागला. दिवसभर घण मारायचे. पुढे ज्या हातांनी शंभरावर माणसं आडवी केली ते हात इथे तयार झाले.

असं सांगतात की एक दिवस वाऱ्याने उडत आलेला वर्तमानपत्राचा तुकडा त्याच्या हाती पडला. त्यात किड चॉकलेट नावाच्या क्यूबाच्या बॉक्सरला एका लढतीत किती हजार डॉलर मिळाले ते छापलं होतं. हेन्रीने घण खाली ठेवला. गोष्ट थोडी फिल्मी वाटते खरी, पण ती त्यानेच आयुष्यभर सांगितली.

फिल्मी मात्र पुढे काही घडलं नाही. १९३१ साली पेनसिल्व्हेनियात तो पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि नॉकआऊट होऊन हरला. मग हॅरी आर्मस्ट्राँग नावाच्या मित्राबरोबर मालगाड्यांतून लपतछपत लॉस एंजेलिस गाठलं. एकदा पैसे घेऊन खेळलेल्याला हौशी गटात खेळता येत नसे, म्हणून त्याने मित्राचं आडनाव घेतलं आणि त्याचा भाऊ म्हणून नाव नोंदवलं. आर्मस्ट्राँग हे नाव असं आलं, म्हणजे जवळजवळ प्रॉक्सीच! १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या संघात घुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पोटासाठी बूटपॉलिश केलं. पुन्हा व्यावसायिक झाला. पुढची चार वर्षं कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोत मिळेल त्या पैशात, मिळेल त्याच्याशी खेळत राहिला. मेक्सिकोच्या बेबी अरिझमेंडीकडून हरला, पुन्हा हरला, आणि १९३६ मध्ये त्यालाच हरवलं. ती लढत पाहायला अल जोल्सन आला होता. पहिल्या बोलपटाचा हा नायक. त्याने आणि जॉर्ज राफ्ट या नटाने पैसे घालून हेन्रीचा करार विकत घेतला आणि एडी मीड हा मॅनेजर झाला. सिनेमावाल्यांनी खेळाडू विकत घेण्याची कल्पना आयपीएलवाल्यांची नव्हे, हे इथे नमूद करून ठेवतो.

१९३७ साली हेन्री २७ लढती खेळला, सगळ्या जिंकला, त्यातल्या २६ नॉकआऊटने. आपल्याकडे एका सेमिस्टरला पाच पेपर असतात तर आपण रडतो. हा सरासरी दर दोन आठवड्यांनी एका माणसाला झोपवत होता. २९ ऑक्टोबर १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पीटी सॅरनला सहाव्या राऊंडमध्ये पाडून तो फेदरवेट जगज्जेता झाला.

इथे वजनगटांचं गणित सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतराच्या वर वजनगट आहेत आणि प्रत्येक गटात चार संघटनांचे चार पट्टे, त्यामुळे जगज्जेते पैशाला पासरी झालेत. त्या काळी मुख्य गट होते आठ, आणि साधारणपणे एका गटात एकच राजा. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड म्हणजे ५७ किलो. त्याच्या वर लाईटवेट १३५ पौंड, ६१ किलो. त्याच्या वर वेल्टरवेट १४७ पौंड, ६६ किलो ७००. मग मिडलवेट १६० पौंड, साडेबहात्तर किलो. वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. हल्ली ते आदल्या दिवशी होतं, त्यामुळे खेळाडू पाणी काढून वजन उतरवतात आणि रात्रीत पुन्हा कित्येक किलो भरून घेतात. तेव्हा असली सोय नव्हती. काट्यावर जो माणूस होता साधारण तोच रिंगमध्ये यायचा.

मग वर जायचं म्हणजे काय? आपण इंजिनिअर, तेव्हा सरळ हिशोब करू. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन आकारमानावर. लांबी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट आणि आकारमान आठपट होतं. म्हणजे माणूस मोठा होतो तशी त्याची ताकद वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून छोटा माणूस वजनाच्या मानाने जास्त चपळ असतो. पण समोरच्याच्या हनुवटीला तुमचं प्रमाण-बिमाण कळत नाही, तिला फक्त किती जोर आला ते कळतं. जास्त वजनाच्या माणसाच्या ठोशामागे जास्त वस्तुमान असतं, त्याचा हात लांब असतो, मानेचे स्नायू जाड असतात. तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर दंड भरतात, पण हाताची लांबी वाढत नाही, जबड्याचं हाड जाड होत नाही, मुठीतली बारीक हाडं तर नाहीच नाही. खालच्या गटात जो ठोसा माणूस पाडायचा, तो वरच्या गटात नुसता लागतो. आणि चढवलेलं वजन बारा-पंधरा राऊंड पायांना वाहून न्यावं लागतं. शिवाय एकदा चढलात की खाली उतरणं आणखी वाईट. रॉय जोन्स ज्युनियर २००३ मध्ये मुद्दाम वजन वाढवून हेवीवेटचा पट्टा जिंकला, मग ते सगळं वजन उतरवून परत खाली आला आणि २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राऊंडमध्ये आडवा केला. तो पूर्वीचा जोन्स पुन्हा दिसलाच नाही.

आपल्याकडचं उदाहरण कुस्तीतलं आहे आणि ते उलट टोकाचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला, म्हणजे ५२ किलोत खेळले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला एक गट वर, ५७ किलोत उतरले आणि ब्राँझ पदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. म्हणजे वर जाणं हे वाईटच असं नाही. शरीर वाढायचं शिल्लक असेल तर वर जाण्यातच शहाणपण असतं.

हेन्रीचं शरीर मात्र वाढायचं शिल्लक नव्हतं. उंची साडेपाच फूट. त्याने वर जायचं ठरवलं ते शरीरासाठी नाही, पोटासाठी. १९३७ च्या जूनमध्ये जो लुईस हेवीवेट जगज्जेता झाला आणि सगळी गर्दी, सगळी वर्तमानपत्रं, सगळा पैसा तिकडे गेला. ५७ किलोच्या काळ्या जगज्जेत्याला कोण विचारतो? मीड आणि मंडळींनी डोकं चालवलं. एकाच माणसाकडे एकाच वेळी तीन मुख्य गटांचे मुकुट असं कधी झालं नव्हतं, तर ते करायचं.

आणि गंमत म्हणजे त्याने लाईटवेटला हात न लावता उडी मारली ती थेट वेल्टरवेटला. समोर बार्नी रॉस. शिकागोचा हा ज्यू पठ्ठ्या तोपर्यंत तीन गटांत जिंकलेला आणि उभ्या आयुष्यात कधी नॉकआऊट न झालेला. हेन्रीची अडचण अशी की वजन भरत नव्हतं. वजन करण्याआधी त्याने पोट फुगेपर्यंत पाणी आणि बिअर प्यायली असं सांगतात. पावसामुळे लढत पुढे गेली ती निराळीच. अखेर ३१ मे १९३८ ला लाँग आयलंड सिटीच्या उघड्या मैदानावर दोघं समोरासमोर आले तेव्हा रॉस १४२ पौंडांचा आणि हेन्री साडेतेहतीसावर शंभर, म्हणजे १३३॥ पौंड! वेल्टरवेटच्या मुकुटासाठी आलेला हा माणूस लाईटवेटच्या मर्यादेतसुद्धा आरामात बसत होता.

मला इथे पहिल्यांदा ट्यूब पेटली. हेन्री वर गेला म्हणजे त्याचं वजन वर गेलं नाही. तो तसाच राहिला, समोरचे मोठे झाले. मग तो जिंकला कसा? डोकं समोरच्याच्या छातीला लावायचं आणि दोन्ही हात पवनचक्कीसारखे चालवायचे, न थांबता, पंधरा राऊंड. लांब हाताच्या माणसाला हात लांब करायला जागाच द्यायची नाही. उंचीचा फायदा, रीचचा फायदा, सगळं त्या अर्ध्या फुटात मरून जातं. त्याच्या हृदयाचे ठोके फार सावकाश पडत, म्हणून लढतीआधी अर्धा तास तो ड्रेसिंग रूममध्ये हवेत ठोसे मारत घाम काढायचा आणि मग इंजिन गरम करूनच रिंगमध्ये यायचा. रॉसला त्याने पंधरा राऊंड धुतलं. शेवटी शेवटी रॉसला धड उभं राहता येत नव्हतं, पण त्याने लढत थांबवू दिली नाही, आणि हेन्रीने शेवटच्या काही राऊंडमध्ये हात आखडता घेतला असं जाणकार सांगतात. रॉस पुन्हा कधी खेळला नाही. पुढे तो महायुद्धात ग्वाडलकॅनालला शौर्य गाजवून आला, पण तो वेगळा लेख होईल.

अडीच महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९३८ ला मधला गट, लाईटवेट. राजा होता लू अँबर्स. हेन्रीने त्याला पाचव्या आणि सहाव्या राऊंडमध्ये पाडलं, पण गडी उठला. आणि हेन्रीचा ओठ आतून फाटला. रक्त इतकं वाहायला लागलं की रिंग निसरडी झाली. आणखी रक्त सांडलं तर लढत थांबवीन असं रेफरीने बजावलं. तेव्हा या माणसाने काय करावं? त्याने तोंडातलं दातांचं रबर काढून टाकलं आणि उरलेले राऊंड स्वतःचं रक्त गिळत लढला. मी हे वाचलं तेव्हा मेसमध्ये होतो, पुढ्यात टोमॅटोचं सार होतं, ते तसंच राहिलं. निकाल देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी हेन्रीच्या बाजूने कौल दिला. ५७, ६१ आणि ६६ किलो, तीन गटांचा एकाच वेळचा राजा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये त्या आठ मूळ गटांतले तीन मुकुट एकाच वेळी डोक्यावर असलेला दुसरा माणूस झालेला नाही.

मुकुट जिंकायला दहा महिने लागले, सांभाळायला मात्र जड गेलं. फेदरवेट त्याने त्याच वर्षी सोडून दिलं. २२ ऑगस्ट १९३९ ला अँबर्सने लाईटवेटही परत घेतलं. कमरेखाली ठोसे मारले म्हणून रेफरीने हेन्रीचे तब्बल पाच राऊंड कापले होते, त्यावर अजून वाद चालतात. उरलं वेल्टरवेट, म्हणजे जिथे तो सगळ्यात छोटा होता तो गट! आणि तोच त्याने सगळ्यात जास्त राखला, सुमारे सव्वादोन वर्षं, अठरा-एकोणीस वेळा. एकदा तर लंडनला जाऊन इंग्लंडच्या एर्नी रॉडरिकला हरवून आला.

मग आला हाव म्हणा की हौस म्हणा, चौथा मुकुट. फिलिपाइन्सचा सेफेरिनो गार्सिया. याला हेन्रीने १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये वेल्टरवेटला हरवलं होतं, तो आता मिडलवेटचा राजा झाला होता. १ मार्च १९४० ला लॉस एंजेलिसमध्ये लढत झाली. गार्सिया हेन्रीपेक्षा सुमारे पाच किलोंनी जड होता. दहा राऊंड झाले आणि निकाल लागला बरोबरीचा. पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या मते हेन्री जिंकला होता. बरोबरी झाली की मुकुट जुन्या राजाकडेच राहतो. चार किलोंनी काय होतंय असं विचारणाऱ्या माझ्या रूममेटला मी ही लढत दोनदा समजावून सांगितली.

माझ्या मते खरी किंमत पट्ट्यांत मोजायची नाहीच. छातीला डोकं लावून लढणारा माणूस स्वतः ठोसे चुकवत नाही, तो ते झेलत पुढे जातो. आपल्यापेक्षा चार-पाच किलो जड माणसांचे ठोसे आणि त्यांची डोकी, महिन्यातून कधी दोनदा तर कधी तीनदा, ही वर्षं हेन्रीच्या भुवयांवर आणि डोळ्यांवर जमा होत होती. ४ ऑक्टोबर १९४० ला पिट्सबर्गचा फ्रिट्झी झिव्हिक आला. हा गडी वेल्टरवेटचाच, भरपूर तयारीचा आणि नियमांच्या बाबतीत फारसा सोवळा नव्हे. त्याने हेन्रीच्या डोळ्यांवरच्या जुन्या जखमा उघडल्या. दोन्ही डोळे सुजून मिटत आले. पंधराव्या राऊंडची शेवटची घंटा आणि हेन्री तोंडावर पडला, दोन्ही एकदमच झालं. गेला शेवटचा मुकुट. १७ जानेवारी १९४१ ला परतीची लढत ठेवली तर गार्डनमध्ये २३,१९० माणसं आली, तोवरची त्या हॉलची विक्रमी गर्दी. सगळे त्याच्यासाठीच आले होते. अकराव्या राऊंडमध्ये त्याने असा जोर केला की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. बाराव्यात रेफरीने लढत थांबवली. तेव्हा त्याचं वय होतं २८. आपले बरेच सिनियर त्या वयात पहिली नोकरी बदलत असतात.

डोळ्यांवर ऑपरेशन झालं, निवृत्ती जाहीर झाली, पण पैसे उरले नव्हते. कर, उधळपट्टी, आजूबाजूची माणसं, जे होतं ते गेलं. १९४२ ला तो पुन्हा उतरला आणि तीन वर्षांत पुष्कळ लढती जिंकलासुद्धा, झिव्हिकलाही हरवलं. १९४३ मध्ये तरुण शुगर रे रॉबिन्सनने त्याला गुणांवर हरवलं. हेन्री हा रॉबिन्सनचा लहानपणापासूनचा हिरो, म्हणून रॉबिन्सनने त्याला जपूनच मारलं असं सांगतात. ज्याने रॉसवर हात आखडता घेतला होता त्याच्यावर आता दुसरा कोणी हात आखडत होता. १९४५ मध्ये त्याने कायमचे ग्लोव्हज उतरवले. एकूण लढती १८० च्या आसपास, नॉकआऊट शंभराच्या वर.

पुढची काही वर्षं दारूत गेली. त्यातून तो स्वतःच बाहेर आला आणि १९५१ मध्ये बाप्टिस्ट चर्चचा धर्मोपदेशक झाला. पुन्हा कविता लिहायला लागला, आत्मचरित्र लिहिलं, आणि सेंट लुईसला परत जाऊन गरीब पोरांच्या क्लबमध्ये काम केलं. त्या पोरांना तो बॉक्सिंग शिकवायचा. शेवटच्या वर्षांत दृष्टी अधू झाली, आठवण दगा द्यायला लागली. इतकी वर्षं डोक्यावर झेललेले ठोसे कुठे ना कुठे निघणारच होते. ऑक्टोबर १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, वयाच्या ७५ व्या वर्षी. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमची पहिली यादी आली तेव्हा तीत त्याचं नाव होतं.

सरांना उत्तर द्यायला माझ्याकडे अजून शनिवारपर्यंत वेळ आहे. रूममेटने माझ्या वाटच्या दोन जादा पोळ्या मेसच्या मावशींना सांगून ठेवल्यात. आज सकाळी जिमखान्याच्या काट्यावर ५६ किलो २०० ग्रॅम भरलो, नाश्त्याआधी.